सात जणांनी मिळून एक खोटं गाव कसं वसवायचं

फॅन्टसी लिहायचीये पण एकट्याने पाचशे पानांची कादंबरी ओढायचा दम नाहीये, असे बरेच जण असतात, मीही त्यातलीच. त्यांच्यासाठी एक जुना आणि भारी मार्ग आहे, तो म्हणजे एकाच काल्पनिक जगातल्या वेगवेगळ्या लेखकांच्या कथांचा संग्रह. याला शेअर्ड वर्ल्ड म्हणतात. आम्ही मात्र आपसात ‘सामायिक गाव’ म्हणायचो, कारण सातबाऱ्यावर सामायिक विहीर असते ना, तसलाच हा मामला आहे, विहीर एक, मोटा सात, आणि भांडणंही विहिरीवरच्यासारखीच.

आम्ही सात जणांनी मिळून असा एक संग्रह केला, दोन वर्षं गेली, त्यातलं निम्मं एक वर्ष निव्वळ चुका करण्यात गेलं. त्या चुका तुम्ही परत करू नयेत म्हणून हा लेख. कथा कशी लिहावी हे यात नाहीये, ते तुम्हाला येतं असं धरून चालतेय.

आधी थोडा इतिहास, कारण आमचं सगळं शिकणं तिथूनच झालं. १९७८ साली बॉस्टनला बॉस्कोन नावाच्या सायन्स फिक्शनवाल्यांच्या संमेलनाच्या वेळी रॉबर्ट लिन ॲस्प्रिन आणि काही लेखक जेवायला बसले होते आणि रड चालली होती ती आपलीच, की फॅन्टसी लिहायची तर दरवेळी नवा भूगोल, नवे देव, नवे राजे, नवा इतिहास, सगळं शून्यातून उभं करावं लागतं. मग निघालं की एकच शहर करू आणि सगळेच त्यात लिहू. त्यातून १९७९ ला ‘थीव्हज वर्ल्ड’ हा पहिला संग्रह आला, आठ लेखक, आठ कथा. पुढे १९८९ पर्यंत त्याचे बारा भाग निघाले. शहराचं नाव सँक्च्युअरी, पण नावावर जाऊ नका, साम्राज्याच्या पार कडेला पडलेलं, चोर, गुलामांचे व्यापारी, ज्योतिष सांगणाऱ्या बाया आणि उतरत्या कळेतले जादूगार यांनी भरलेलं गबाळं गाव. व्हल्गर युनिकॉर्न नावाचा एक गुत्ता, मेझ नावाची गल्ल्यांची गुंतागुंत, एक बाजार. अख्ख्या जगाची सफर वगैरे नाही, सगळं पायी फिरता येईल एवढंच.

आणि हीच मुख्य गोष्ट आहे. नवीन लोक (आम्हीसुद्धा) सुरुवात करतात ती खंडांपासून. उत्तरेला बर्फाचं राज्य, दक्षिणेला वाळवंट, मध्ये महानदी, तीन वंश, बारा देव. आम्ही चार महिने गुगल डॉकमध्ये हेच करत होतो. साठ पानं झाली, देवांच्या वंशावळी झाल्या, एका देवाच्या सावत्र मेव्हण्याचं नावसुद्धा ठरलं, आणि कथा किती झाल्या? शून्य. कारण एकाने उत्तरेचं राज्य घेतलं, दुसरीने वाळवंट घेतलं, आणि त्या दोघांच्या पात्रांना एकमेकांना भेटायचं तर घोड्यावरून सहा महिने लागणार. म्हणजे सामायिक काय, तर फक्त नकाशा. असा संग्रह कुठल्याही सात कथांच्या संग्रहासारखाच वाटतो, वर एक अनुक्रमणिका आणि आत एकमेकांना न ओळखणारी माणसं.

तर पहिलं काम, जग नको, गल्ली घ्या

आम्ही ती साठ पानं बाजूला ठेवली (डिलीट केली नाहीत, जीव होत नाही) आणि एक बंदर घेतलं. खैरबंदर. खाडीच्या मुखाशी, एक धक्का, धक्क्यावरून वर जाणारी पायऱ्यांची एकच पेठ, पलीकडच्या काठावर जुना पडका कोट, मध्ये तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालते. बस. एवढंच. एका टोकाला कोणी शिंकलं की दुसऱ्या टोकाला कळलं पाहिजे, हे माप धरा. तुमच्याकडे बंदर नको असेल तर घाटातला चौकीनाका घ्या, एखादी जत्रा घ्या जी कधीच उठत नाही, मोठा चिरेबंदी वाडा घ्या, काहीही, फक्त माणसांना एकमेकांच्या अंगावरून जावं लागेल अशी जागा हवी.

नकाशा एका कागदावर, पेनाने काढा. सॉफ्टवेअर नको, त्यात रमायला होतं. आमच्या नकाशात नावं असलेल्या फक्त नऊ जागा होत्या आणि तीन चौकोन मुद्दाम कोरे होते. कोरे चौकोन ठेवाच. कुणाला तरी सहाव्या महिन्यात एक पडकी टाकसाळ लागतेच, आणि तेव्हा जागा नसेल तर ती बिचारी कुणाच्या तरी देवळावर टाकसाळ बांधते आणि मग ग्रुपवर दोन दिवस वाद.

जादूचा नियम एकच, पण भांडायला लावणारा

इथे जरा थांबते कारण सगळा संग्रह यावर तरतो किंवा बुडतो.

जादू कशी चालते हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, आणि त्या नियमाने पात्रांना एकमेकांच्या दारात जायला लावलं पाहिजे. ‘लियाव्हेक’ म्हणून १९८५ पासून पाच भाग निघालेली अशीच एक इंग्रजी मालिका आहे, एमा बुल आणि विल शेटर्ली यांनी संपादित केलेली, त्यातला नियम मला फार आवडतो. जादूगाराची ताकद त्याच्या वाढदिवसाशी बांधलेली, जन्माच्या वेळी आईच्या कळा जितका वेळ चालल्या त्या घटकांतच दरवर्षी ती ताकद एखाद्या वस्तूत भरून ठेवायची. बघा, एका वाक्यात किती गोष्टी आल्या, प्रत्येक जादूगाराला वर्षातून एकदा धोक्याची वेळ, वस्तू हरवायची भीती, वाढदिवस लपवायची गरज, आईशी नातं. कुठल्याही लेखकाला बसल्या बसल्या तीन कथा सुचतील.

आमचा नियम असा निघाला की खैरबंदरात मंत्र चालतो तो फक्त उसन्या वस्तूवर. स्वतःच्या मालकीच्या वस्तूवर नाही, चोरलेल्यावर नाही, शेजाऱ्याकडून तोंडाने मागून आणलेल्या वस्तूवरच. आणि मालक परत मागायला आला की त्याच क्षणी द्यायची, मंत्र तिथेच संपला. हा नियम सुचला कसा तर आमच्यातली एकजण मीटिंगला उशिरा आली आणि म्हणाली सॉरी, खालच्या काकूंकडे विरजण मागायला गेले होते, त्या सोडेचनात.

या नियमाने काय झालं सांगते. एकाचं पात्र चोर होतं. आता चोराची पंचाईत अशी की चोरलेल्या वस्तूवर त्याची जादू चालत नाही, त्यामुळे अदृश्य व्हायचं तर त्याला कुणाची तरी घोंगडी सभ्यपणे मागून आणावी लागते. तर हा सावकाराच्या माडीवर घोंगडी पांघरून उभा, कुणाला दिसत नाही, हात तिजोरीच्या कुलुपावर, आणि खालून एक लहान पोर हाक मारतंय, “दादा, आईने घोंगडी मागितलीये, पाऊस आला.” झालं. सावकारासमोर उघडा उभा. ही घोंगडी ज्या बाईची, ती दुसऱ्या लेखिकेचं मुख्य पात्र होती, आणि तिच्या कथेत हाच प्रसंग तिच्या घरातून दिसतो, की पोराला पाठवलं तर खरं पण पाऊस नव्हताच. म्हणजे तिने मुद्दाम केलं. का केलं, ते तिच्या कथेत. वाचणाऱ्यांना आमच्या पुस्तकात हेच सगळ्यात आवडलं आणि यात आमची हुशारी कमी, नियमाचीच जास्त.

नियम ठरला की लगेच फाटे फुटतात. भाड्याने घेतलं तर? गहाण ठेवलेलं चालतं का? मालक मेला तर वस्तू कुणाची? सगळ्याची उत्तरं देऊ नका! आम्ही दोन यादी केल्या, एक ‘ठरलंय’ आणि दुसरी ‘ठरवायचं नाही’. दुसरी यादी पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. मालक मेल्यावर काय, हे आम्ही दुसऱ्या यादीत टाकलं, आणि एकाने त्यावरच कथा लिहिली, म्हातारी आजी वारली आणि तिने गावभर दिलेल्या उसन्या वस्तू आता परत मागायला कुणीच येणार नाही, म्हणजे ते मंत्र कधीच संपणार नाहीत. हे आम्ही आधीच ठरवून टाकलं असतं तर ती कथा झालीच नसती.

दप्तर

गावाबद्दल जे जे ठरलं ते सगळं एका ठिकाणी लिहून ठेवायचं, इंग्रजीत याला बायबल म्हणतात, आम्ही दप्तर म्हणायचो. एकच फाइल, लेखकांना सगळ्यांना वाचता येईल पण बदलता येईल फक्त एकाला. ही ‘फक्त एकाला’ वाली अट पाळा, कारण सातही जणांना एडिट दिलं की काय होतं ते मी बघितलंय, सकाळी तांडेलाला, म्हणजे आमच्या तरीवाल्याला, दोन बायका होत्या, संध्याकाळी तो ब्रह्मचारी.

दप्तरात काय हवं? जागा, पैसे (आमच्याकडे एक ‘खैरी’ म्हणजे एक वेळचं जेवण, एवढं एकच माप ठेवलं, बाकी दर ज्याने त्याने त्यावरून काढायचे), शपथा आणि शिव्या, लोक काय खातात, कोणाला काय हाक मारतात. शेवटचं विशेष बघा. आमच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये तीन कथांत लोक एकमेकांना ‘महोदय’ म्हणत होते, दोनांत ‘रे’, एकात ‘श्रीमान’. खैरबंदरातला तरीवाला गिऱ्हाइकाला महोदय म्हणेल का? फॅन्टसी म्हटली की मराठी लेखकाच्या अंगात एकदम संस्कृत येतं, खड्ग, अश्व, रात्रीचा प्रथम प्रहर वगैरे, ते राजाच्या दरबारात ठीक आहे पण धक्क्यावर कोळीण मासे विकताना तसं बोलायला लागली की गाव मेलं समजा. आम्ही ठरवलं की निवेदन ज्याला जसं हवं तसं, पण संवाद बोलीतले, आणि पेठेत सगळ्या मोठ्या बायकांना ‘काकी’, तरीवाल्याला ‘तांडेल’. तेवढ्याने सातही कथा एका गावच्या वाटायला लागल्या.

दप्तर दहा पानांच्या वर जाऊ देऊ नका. लांब दप्तर कुणी वाचत नाही, आणि न वाचलेलं दप्तर असूनही काय उपयोग.

पात्रं कुणाची?

थीव्हज वर्ल्डमध्ये सोय अशी होती की लेखकांनी एकमेकांची पात्रं वापरायची, पण दुसऱ्याच्या पात्राला परवानगीशिवाय मारायचं नाही. ऐकायला साधं वाटतं. आमच्याकडे हा नियम लिहिलेला होता तरी दोघांनी एकाच महिन्यात तांडेलाला मारला, एकाने बुडवून आणि एकीने विष घालून, कारण दोघांनाही वाटलं की तांडेल कुणाचाच नाही, तो आपला गावाचा आहे. चूक आमची होती. मुख्य पात्रांना मालक होते, किरकोळांना नव्हते. तर प्रत्येक नाव असलेल्या पात्रापुढे मालकाचं नाव लिहा, अगदी भजीवाल्यापुढेसुद्धा, आणि ज्यांना कुणी मालक नाही ते संपादकाचे.

आमचा फॉर्म्युला पुढे असा झाला, दुसऱ्याचं पात्र रस्त्याने जाताना दाखवायचं तर विचारू नका. बोलायला लावायचं तर संवाद मालकाला दाखवा. त्याचं काही कायमचं बदलायचं असेल, म्हणजे लग्न, हात तुटणं, धर्म बदलणं, मरण, तर आधी लेखी हो घ्या, फोनवरचं हो धरायचं नाही.

आणखी एक धोका आहे, तो सुरुवातीला दिसत नाही. ताकदीची चढाओढ. एकाचं पात्र चांगलं तलवारबाज असतं, म्हणून दुसऱ्याचं अमर होतं, मग तिसऱ्याची देवी अवतरते. थीव्हज वर्ल्डच्या पुढच्या भागांत माझ्या मते हेच झालं, अमर योद्धे आले, देवांची भांडणं आली, लढाया आल्या, आणि ज्या भुरट्या चोरांसाठी आपण गावात आलो होतो ते कोपऱ्यात गेले. म्हणून आम्ही एक ओळ घातली होती, ‘खैरबंदरात कोणीही एवढा मोठा नाही की त्याला तरीचे पैसे माफ होतील.’ ही ओळ दाखवून मी दोन देव आणि एक ड्रॅगन परत पाठवला.

भरती-ओहोटीची गोष्ट

हा आमचा सगळ्यात लाजिरवाणा किस्सा आणि सगळ्यात कामाचा.

एका कथेचा क्लायमॅक्स असा, पौर्णिमेची मध्यरात्र, खाडी पूर्ण आटलेली, नायिका चांदण्यात चिखल तुडवत पलीकडच्या कोटापर्यंत चालत जाते. काय सीन लिहिला होता! सगळ्यांनी वा वा केलं. मग ड्राफ्ट वाचायला दिला एकीच्या मामांना, मालवणकडचे, जन्म समुद्रावर गेलेला. त्यांनी कथा वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, “ही बाई पोहत गेली का?”

तर आपल्या किनाऱ्यावर हिशोब असा आहे की तिथीची पाऊणपट करायची, तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, साधारण. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पौर्णिमेला दुपारी आणि रात्री बाराच्या आसपास खाडी तुडुंब, वर उधाण. नेमकं आमच्या नायिकेच्या डोक्यावरून पाणी. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. मग कोणीतरी म्हणालं पौर्णिमा सोडा, अष्टमी करू, आठची पाऊणपट सहा, म्हणजे मध्यरात्री ओहोटी मिळते. मामा म्हणाले मिळते, पण अष्टमीला भांगाचं पाणी, ते धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही, खाडी कोरडी पडायची नाही.

कुणी म्हणेल काल्पनिक गाव आहे, चंद्र आमचा, समुद्र आमचा, काय हवं ते करू. करा ना. पण मग आधी सांगा की इथे दोन चंद्र आहेत किंवा समुद्र मंत्राने हलतो. जे तुम्ही बदललं म्हणून सांगितलं नाही ते वाचणारा आपल्या घरच्यासारखंच धरतो, आणि मराठी वाचकांत कोकणातला माणूस असणारच!

शेवटी सीन मध्यरात्रीतून उचलून पौर्णिमेच्या पहाटे साडेपाचला नेला. आणि झालं काय, सीन उलट सुधारला. पहाटे धक्क्यावर माणसं असतात, मासेवाल्या टोपल्या घेऊन आलेल्या असतात, म्हणजे नायिकेला चिखलातून जाताना बघणारे डोळे मिळाले, आणि त्यातल्या एका मासेवालीने दुसऱ्या कथेत साक्ष दिली.

यावरून आम्ही नवी सवय लावली, प्रत्येक कथेच्या ड्राफ्टवर वर कोपऱ्यात तिथी आणि वेळ लिहायची, प्रत्येक सीनला. छापताना काढून टाकायची. त्यामुळे कुठली कथा कुठल्या कथेच्या आधी घडते हे आपोआप लागतं, आणि एकच माणूस एकाच संध्याकाळी दोन ठिकाणी दारू पितोय हेही सापडतं. (सापडला. सावकार. दोन्हीकडे उधारीवर.)

न जुळणाऱ्या गोष्टींचं काय

काही गोष्टी कितीही केलं तरी जुळत नाहीत. त्यावर जुनी युक्ती आहे, सगळं एका सांगणाऱ्याच्या तोंडी घालायचं. थीव्हज वर्ल्डमध्ये हकीम नावाचा म्हातारा गोष्टीवेल्हाळ आहे, चार पैसे घेऊन गोष्ट सांगणारा. आणि आपल्याला हे काय नवीन आहे का, वेताळ आणि विक्रम हेच करतात, अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने कथासरित्सागर असाच गोष्टीत गोष्ट अडकवून रचला, आणि तो ज्या गुणाढ्याच्या बृहत्कथेवरून आला म्हणतात ती परंपरा तर गुणाढ्याला सातवाहनांच्या दरबारात, आपल्या पैठणात नेऊन बसवते. तेव्हा चौकटीची गोष्ट बिनधास्त वापरा. फक्त दोन-तीन पानांच्या वर नको, आणि ती संपादकानेच लिहायची, सगळ्या कथा हातात आल्यावर, सगळ्यात शेवटी. आम्ही सुरुवातीला लिहिली आणि तीनदा फेकली.

माणसं किती, कोण

सहा ते आठ. त्याहून कमी असले तर गाव ओसाड वाटतं, जास्त झाले की दप्तर सांभाळणाऱ्याचं डोकं जातं. वेळेवर लिहिणारा मध्यम लेखक हा न लिहिणाऱ्या थोर लेखकापेक्षा बरा. एखादा असा घ्याच ज्याला फॅन्टसी फारशी आवडत नाही पण माणसं छान लिहिता येतात, आमची विरजणवाली तशीच आली.

मीटिंग महिन्यातून एकदा, बाकी सगळं लिहून. व्हॉट्सॲपवर काही ठरलं तर ते त्याच दिवशी दप्तरात जायला हवं नाहीतर ते ठरलंच नाही. आणि मराठीत लिहिणाऱ्यांना माहितीच आहे की जुलै-ऑगस्टमध्ये सगळे दिवाळी अंकाच्या मागे असतात (१९०९ ला का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा आपला राष्ट्रीय आजार आहे), तेव्हा तुमची डेडलाइन त्या महिन्यांत ठेवू नका, कुणीही देणार नाही.

क्रमाचं एक सांगते. सगळ्यांनी एकदम लिहायला बसू नका. आधी दोघांनी कथा पूर्ण करायच्या, त्या सगळ्यांनी वाचायच्या, मग बाकीच्यांनी सुरू करायचं. नाहीतर सातही जण एकाच वेळी अंधारात चाचपडतात आणि सातही कथा पावसाळी रात्री गुत्त्यात सुरू होतात. आमच्या पाच झाल्या होत्या.

कागदपत्रं, कंटाळा करू नका

मित्र आहोत, कशाला करार, असं सगळेच म्हणतात. करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे साधारणपणे ज्याने कथा लिहिली तो तिचा पहिला मालक. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे परदेशातल्या मराठी मंडळींसाठी ई-बुक काढायचं असेल तर ते शब्द करारात घालायला विसरू नका.

पण आमच्यासारख्यांचा खरा प्रश्न असा की कथा माझी, पण गाव कुणाचं? मी उद्या खैरबंदरावर एकटीने कादंबरी लिहिली तर? मॅरियन झिमर ब्रॅडली यांनी थीव्हज वर्ल्डच्या पहिल्या भागासाठी लिथांडे नावाचं पात्र केलं, पुढे ते पात्र तिकडून बाहेर काढून स्वतंत्र कथा लिहिल्या, १९८६ ला त्यांचं पुस्तकही आलं. पात्र लेखिकेचं होतं म्हणून हे जमलं. दुसऱ्या टोकाला ‘वाइल्ड कार्ड्स’, जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मित्रमंडळींच्या एका खेळातून निघून १९८७ पासून पुस्तकरूपात चाललेली सुपरहिरोंची मालिका, तिथे लेखकांचा गटच केलाय आणि दुसऱ्याच्या कथेत तुमचं पात्र आलं तर त्याचा वाटा तुम्हाला मिळतो. आम्ही मधलं धरलं, पात्र लेखकाचं, गाव सगळ्यांचं, गावाबाहेर पात्र न्यायला कुणाला विचारायचं नाही, पण गावावर एकटं पुस्तक काढायचं तर सातपैकी पाच जणांची लेखी संमती. आणि एखादा सोडून गेला तर त्याची पात्रं खैरबंदरातून ‘जहाजाने गेली’, मारायची नाहीत. हे एका पानावर बसतं. वकिलाला एकदा दाखवून घ्या.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, स्वतःलाही घेता येतो, राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा, पैसे पडत नाहीत. एजंटला पैसे देऊ नका.

छापायच्या आधी

फॉन्ट! सातपैकी दोघं जुन्या फॉन्टमध्ये टाइप करणारे होते, त्यांचं युनिकोडमध्ये बदलून घेतलं आणि ‘ऱ्य’मधल्या अर्ध्या र वर घाला पडला. ‘खाली खोल दऱ्या होत्या’ चं झालं ‘खाली खोल दर्या होत्या’, बंदराचं गाव असल्यामुळे प्रूफ वाचणाऱ्याला ते खपूनही गेलं. ‘त्याने कमरेच्या दोन सुऱ्या काढल्या’ मध्ये सुऱ्यांच्या जागी सुर्या आल्या आणि वाचणारा म्हणाला वा, फॅन्टसी आहे, दोन सूर्य. तेव्हा बदललेल्या फाइलमध्ये र्य आणि ऱ्य, दोन्ही वेगवेगळे शोधा, एकेक बघा. नावांचंही तेच, कालिंदी-कालींदी, एकच रूप दप्तरात लिहून ठेवा आणि शेवटी सर्च मारा.

कथांचा क्रम काळाप्रमाणे लावायची गरज नाही. पहिली अशी घ्या ज्यात वाचणारा गावात नव्याने येतो, दुसरी सगळ्यात मजेशीर, आणि सगळ्यात जड कथा शेवटून दुसरी. ऑफसेटला छापणार असाल तर पानं सोळाच्या फॉर्मात बसवा, नाहीतर शेवटी कोरी पानं उरतात, आम्ही तिथे नकाशा टाकला.

पुस्तक आल्यावर दप्तर बंद करू नका. त्याच आठवड्यात छापील प्रत हातात घेऊन बसा आणि दप्तर पुस्तकाप्रमाणे दुरुस्त करा, कारण शेवटच्या प्रूफात लोकांनी काय काय बदललेलं असतं ते कुणालाच आठवत नाही आणि दुसरा भाग लिहिणारे छापलेलं धरणार. आमच्या दप्तरात अशा एक्केचाळीस नोंदी झाल्या. शेवटची अशी आहे, ‘तांडेल जिवंत आहे. पान ११२ वर खोकतो.’